तपासले, बरोबर आहे

माझ्या पर्समध्ये लाल पेन असतो. तो नसला की मला चप्पल न घालता घराबाहेर पडल्यासारखं वाटतं. लग्नपत्रिका हातात आली की इतर बायका मुहूर्त बघतात, मुलीकडचे कुठले ते बघतात. मी इंग्रजी बाजू उघडते आणि 'कॉम्प्लिमेंट्स'मध्ये 'आय' आहे की 'ई' ते बघते. आमच्या नणंदबाई मला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा मराठीतूनच पाठवतात. एकदा त्यांच्या 'वेडिंग अ‍ॅनिव्हर्सरी'तलं एक अक्षर मी त्यांना परत पाठवलं होतं, तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार मातृभाषेत चालतो.

एका शोकसंदेशातली चूकही मी दुरुस्त केलेली आहे. ती गोष्ट मी फार कुणाला सांगत नाही, पण आज खरंच सांगायला बसलेय तर ती तरी कशाला लपवू?

पवनीहून लाखांदूर तालुक्यातल्या माझ्या शाळेपर्यंत एसटीनं जायचं म्हणजे मला दोन्ही बाजूंनी फुकटची करमणूक. इतर प्रवासी धान किती भरलंय ते पाहतात, मी पाट्या वाचते. 'स्टेशनरी'च्या दुकानावर 'ई'ऐवजी 'ए', म्हणजे वह्या-पेनांची नव्हे, थांबलेल्या गाडीची स्टेशनरी. हॉटेलवर 'क्वालिटी'च्या जागी 'क्वांटिटी', आणि ती मात्र खरी. महिन्यातून एकदा भंडाऱ्याला काही कामानं जाणं होई. तिथं एका पितळी भांड्यांच्या दुकानानं पाटीवरच्या 'ब्रास'मधला एक 'एस' वाचवला होता. त्यामुळे पिढीजात भांडेवाला सगळ्या बाजारासमोर बायकांची अंतर्वस्त्रं विकत असल्याचं जाहीर करत होता. मी रिक्षातून वाकून वाकून ती पाटी पाहायची आणि दिवसभर खूश असायची. दुसऱ्याची चूक सापडली की मला पोटभर जेवल्यासारखं होतं.

ही खोड मला वडिलांकडून आली. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला आणि वडिलांनी पुढे पहिल्या पगारात डिक्शनरी. आजोबांना अक्षरओळख नव्हती. कुणी कागद पुढे केला की ते अंगठा उमटवायचे, आणि कागदावर काय होतं ते पुढे कधीतरी, बहुतेक वेळा फार उशिरा, कळायचं. म्हणून आमच्या घरी एकच नियम वडिलांनी कडक पाळला: वाचल्याशिवाय सही करायची नाही. दुधाच्या कार्डावर सही करतानाही ते चष्मा लावायचे. मी चौथीत असताना प्रगतिपुस्तक घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले तर पाठीमागच्या सूचनासुद्धा त्यांनी वाचून काढल्या, आणि माझी शाळेची वेळ झाली तरी सोडलं नाही. ती डिक्शनरी आता माझ्याकडे आहे. नियमही माझ्याकडेच होता, असं मी समजत होते.

शाळेत मी एकटीच इंग्रजीची. आमचे हेडसर मूळचे भूगोलाचे, पण इंग्रजी ही आपली खरी विद्या आणि भूगोल हा नशिबानं गळ्यात पडलेला विषय, अशी त्यांची ठाम समजूत. सव्वीस जानेवारीला 'डिअर स्टुडंट्स' म्हणून सुरुवात करायचे आणि तिसऱ्या वाक्यात अडकले की 'भारत माता की' म्हणायचे. मुलं 'जय' म्हणायची. हे दर तीन वाक्यांनी व्हायचं, त्यामुळे भाषण जोरदार झाल्यासारखं वाटे.

त्यांच्या राज्यात कागदाला फार मान. प्रत्येक कागद, मग ती सूचना असो की नारळ आणायची चिठ्ठी, शिपायाच्या हातून सगळीकडे फिरायचा आणि प्रत्येकानं त्यावर सही करायची. ज्याच्या विषयाचा कागद त्यानं शिवाय 'तपासले, बरोबर आहे' असं लिहायचं. तपासायचं नसे, लिहायचं असे. हेडसरांनी लिहिलेल्या कागदात चूक काढणारा मास्तर मी त्या शाळेत पाहिला नाही. माझ्या लाल पेनाला आमच्या शाळेत फक्त मुलांच्या वह्या, आणि कंपाउंडबाहेर सगळं जग मोकळं होतं.

आणि मला पर्यवेक्षक व्हायचं होतं. ज्येष्ठतेत माझाच नंबर होता, पण गोपनीय अहवाल हेडसर लिहीत. हे इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या वागण्याला कुणी भलतं थोर कारण शोधत बसणार नाही.

आता पेंटरभाऊंविषयी. लाखांदूरला स्टँडच्या मागे टिनाच्या खोलीत त्यांचं काम चाले. एकेकाळी झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दुकानांची शटरं, सगळं त्यांच्या हातचं असे. मग फ्लेक्स आलं आणि वाढदिवसाच्या पोरांचे गॉगलवाले फोटो चौकाचौकात लागले. पेंटरभाऊंकडे शटरं तेवढी उरली. मराठी त्यांना वाचता येई, इंग्रजी येत नसे. ते इंग्रजी अक्षरं चित्रासारखी काढत, आणि इतकी देखणी काढत की ती वाचू नयेत, नुसती पाहावीत.

त्यांची माझी ओळखच एका चुकीपायी झाली. आमच्या शाळेच्या गावात दूध संकलन केंद्र होतं. त्याच्या नव्या पाटीवर 'डेअरी'ची 'डायरी' झालेली. मी साहजिकच केंद्रवाल्याला भर रस्त्यात समजावून सांगितलं की रोज सकाळी अख्खं गाव डायरीत दूध ओततंय. तो भडकला, पेंटरभाऊंना फोन करून बोलावून घेतलं आणि चार लोकांत बोलला. पेंटरभाऊंनी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी आले ते केंद्रवाल्याच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी घेऊन. खाली त्याची सही. 'डायरी' त्याचीच होती.

"मी काम घेतो तवा कागद घेतो, अन् कागदावर सही घेतो," ते म्हणाले. "घरी तारेत ओवून ठेवतो सगळे. मले इंग्रजी येत नाई जी. उद्या कोनी म्हनन का पेंटरनं चुकवलं, त मी काय सांगू?"

मी त्या दिवशी केंद्रवाल्याला इतकी हसले की माझी एसटी चुकली. पेंटरभाऊंच्या त्या तारेचं मी स्टाफरूममध्ये कितीतरी दिवस कौतुक करत होते. अडाणी म्हणवणारा माणूस सहीची किंमत ओळखून आहे आणि शिकलेले कशावरही सह्या ठोकतात, असं मी म्हटल्याचं आठवतं. शिपाईदादा तेव्हा माझ्यासमोर सूचनेची वही धरून उभे होते. मी बोलता बोलता सही केली.

पुढे हेडसरांच्या डोक्यात भिंत आली. शाळा सुंदर करायची म्हणून वरून काहीतरी फर्मान सुटलं होतं. बाकी शाळांनी झाडं, पाणीबचत, फुलपाखरं काढून घेतली. आमच्या हेडसरांनी ठरवलं, फाटकासमोरच्या लांब भिंतीवर इंग्रजीत नेहमी गोंधळ होणाऱ्या शब्दांच्या चाळीस जोड्या, अर्थांसकट. यादी ते स्वतः करणार होते.

"मॅडम, तुम्हाला वर्गाचं काम भरपूर असतं," ते मला म्हणाले. मला यादी करू द्यायची नव्हती, हे त्याचं मराठी.

यादी तयार झाली तो शनिवार होता. सकाळची शाळा, घटक चाचणीचे गठ्ठे काखेत, आणि पवनीची गाडी यायला दहा मिनिटं. शिपाईदादा व्हरांड्यात धावत आले.

"मॅडम, लवकर सही मारा जी. हेडसरले आत्ताच धाडाचं हाय पेंटरकडे."

चार कागद होते. मी ते त्यांच्या तळहातावर ठेवले, शेवटच्या पानावर 'तपासले, बरोबर आहे' लिहिलं, सही केली, सवयीप्रमाणे खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं दिली, आणि पळाले. गाडी मिळाली. खिडकीची जागाही मिळाली.

दिवाळीच्या सुट्टीत भिंत रंगली. शाळा उघडली त्या दिवशी सगळं गाव पाहायला आलं होतं. निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं, त्यांना बारीक पिवळी सावली, सूत मारून आखलेल्या ओळी, कुठे एक थेंब ओघळलेला नाही. उजव्या कोपऱ्यात खाली लहान अक्षरात पेंटरभाऊंचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर. आजूबाजूच्या तीन शाळांचे मास्तर फोटो काढून गेले. आपल्याकडेही अशी भिंत करायची, तिन्ही शाळांनी पेंटरभाऊंना सांगूनही टाकलं. पार उन्हाळा संपेपर्यंतचं काम. ते मला भेटले तेव्हा माझ्याही चहाचे पैसे त्यांनीच दिले, इतके खुशीत होते. "मॅडम, फ्लेक्सले भिंतीवरचा हात येत नाई," असं म्हणाले.

मी भिंत वाचली. भिंत पाहून मी दुसरं काय करणार?

शीर्षकातच 'कॉमनली'चा एक 'एम' गायब होता. त्याच्या खाली प्रिन्सिपलांची अदलाबदल: ज्याचा अर्थ तत्त्व, त्याच्यासमोर शाळाप्रमुख, आणि शाळाप्रमुखाच्या शब्दासमोर तत्त्व. आमच्या शाळेत या दोघांची गाठ कुठेच पडत नसल्यामुळे हेडसरांचा गोंधळ झाला असावा. स्टेशनरींचंही तसंच. 'सेपरेट'च्या पोटात 'ई'. आणि डेझर्ट! एका 'एस'चं वाळवंट आणि दोन 'एस'चं जेवणानंतरचं गोड, त्यांनी उलटं घातलं होतं. आमच्या भागात पाहावं तिकडे धानाच्या बांध्या आणि तलाव. वाळवंट कुणी पाहिलेलं नाही. गोड जेवणानंतर वेगळं खाण्याची रीतही नाही, पंगतीत बुंदी भाताला टेकूनच पडते. त्यामुळे ती जोडी उलटी असो की सुलटी, गावाला काही फरक पडणार नव्हता. पण माणूस भूगोलाचा होता! तीस वर्षं राजस्थानचं थर शिकवलेल्या माणसानं वाळवंटात बासुंदी आटवावी?

अकरा चुका होत्या. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी त्या दिवशी जेवले नसते इतकं माझं पोट भरलं असतं. पण त्या चार कागदांवर शेवटी रेघ आणि दोन टिंबं कुणाची होती ते मला आठवलं, आणि मी स्टाफरूममध्ये जाऊन "छान झालीय" म्हणाले.

मग काय झालं, तर मुलांनी भिंत वहीत उतरवून घेतली. मी वह्या तपासल्या आणि लाल पेनानं अकराही चुका काढल्या. एक मुलगी वही घेऊन आली.

"मॅडम, भिंतीवर त असंच हाय."

"भिंतीवर काहीही असेल. तू पुस्तकात बघ," मी म्हणाले. वर तिला पाच-पाच वेळा लिहायला दिलं. त्या पोरीला मी शिक्षा केली, ही गोष्ट मला आजही खाते.

जानेवारीत भंडाऱ्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले. हेडसरांनी त्यांना फाटकातून सरळ भिंतीपुढे नेलं. मी पुष्पगुच्छ धरून मागे. साहेबांनी शीर्षक वाचलं, पुढचं वाचलं, आणि हसायला लागले. साधं हसले नाहीत. रुमाल काढून डोळे पुसले. मग मोबाइल काढून डावीकडून, उजवीकडून, मधून असे फोटो घेतले. 'गोंधळ होणाऱ्या शब्दांचा गोंधळ' असं काहीतरी ते पुटपुटले. स्वतःच्या विनोदावर पुन्हा हसले.

हेडसरांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पण माणूस अनुभवी होता.

"पेंटर अडाणी आहे साहेब," ते म्हणाले. "आमच्याकडून यादी बरोबर गेली होती. मॅडमनी स्वतः तपासली होती. काय मॅडम?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वेळ भरपूर होता. पुष्पगुच्छातला एक गुलाब मोडला होता तो मी नीट केला, इतका वेळ होता.

"हो सर," मी म्हणाले. "कागद बरोबर होता."

भिंतीचे फोटो त्या संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर आले. साहेबांनी फोटो उजव्या कोपऱ्यासकट काढले होते, पेंटरभाऊंचं नाव आणि नंबर स्वच्छ वाचता येत होते. खाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ज्यांना स्वतःला 'हॅपी दिवाली' धड लिहिता येत नाही त्यांनी चार-चार चेहरे टाकले होते. कुणी लिहिलं, 'अडाणी पेंटर, अजून काय होणार'. मी काही लिहिलं नाही, पण ग्रुपही सोडला नाही, रात्रीपर्यंत एकेक वाचत होते. दोन दिवसांत त्या तिन्ही शाळांनी पेंटरभाऊंना नको म्हणून कळवलं. त्यातल्या एका मास्तरानं तर फोनवर त्यांना 'सेपरेट'चं स्पेलिंग विचारलं म्हणे.

ते रविवारी पवनीला माझ्या घरी आले. एसटीनं आले होते. मी दार उघडलं, तर हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ते चार कागद. वरच्या कोपऱ्यात तारेचं भोक.

बसले, पाणी प्याले, आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, काल मी दिवसभर शाळेसमोर उभा होतो. कागद घेऊन. एक एक अक्षर मिळवून पायलो. वाचता येत नाई, पन मोजता येते ना. कागदावर जेवढी हायेत तेवढीच भिंतीवर हायेत. एकही इकडचं तिकडं नाई."

मी त्यांच्यापुढचा रिकामा पेला उचलला.

"खाली मराठीत हाय थे मले वाचता येते," ते म्हणाले आणि शेवटचं पान माझ्यासमोर ठेवलं. "तपासले, बरोबर आहे. तुमची सही हाय."

"हो," मी म्हणाले.

"हा कागद मी सायबाले दाखवला त माया नावाचं निस्तरन. पन तुमचंही नाव हाय याच्यावर. म्हनून आधी तुमाले इचारतो. दाखवू का?"

धमकी असती तर किती बरं झालं असतं! मी फणकारले असते, दार दाखवलं असतं, रात्री शांत झोपले असते. पण ते खरंच विचारत होते. कागदावर माझी सही म्हणजे तो कागद अर्धा माझा, एवढा सरळ हिशेब त्यांचा.

आता खरं सांगते. त्या शनिवारी मी कागद वाचले नव्हते असं मी वर लिहिलं नाही, पण तुमचा तसा समज झाला असेल तर तो मी होऊ दिला. पहिलं पान वर होतं. सही करायला शेवटचं पान काढताना शीर्षकावर नजर गेली होती. 'कॉमनली'तला एक 'एम' नाही, हे मला दिसलं होतं. दिसणारच! चालत्या एसटीतून मला अर्ध्या फर्लांगावरच्या पाटीतलं अक्षर दिसतं. तेव्हा माझ्या मनात दोनच विचार आले: हेडसरांना कोण सांगणार, आणि गाडी. वडील दुधाच्या कार्डासाठी चष्मा शोधायचे. मी डोळे उघडे ठेवून अंगठा उमटवला.

"राहू द्या पेंटरभाऊ," मी म्हणाले. "साहेबांकडे जाऊ नका. मी नवीन यादी स्वतः करून देते. सरांशी बोलते. तुम्ही भिंत पुन्हा काढा, एकदम बिनचूक होईल."

"अन् मायं नाव?"

"लोक विसरतात हो," मी म्हणाले.

त्यांनी चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली आणि कागद पुन्हा पिशवीत घातले. जाताना 'बरं जी' एवढंच म्हणाले. 

हेडसर लगेच तयार झाले. वरून भिंत दुरुस्त करायचा निरोप आलाच होता, आणि आता यादी मी करावी यात त्यांना माझा फार मोठा गौरव दिसू लागला. मी दहा दिवस घेतले. वडिलांची डिक्शनरी मांडीवर घेऊन चाळीसच्या चाळीस जोड्या लिहिल्या, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून तीन वेळा वाचल्या. आयुष्यात कुठलाही कागद मी इतका नेकीनं लिहिला नसेल. शेवटी हेडसर म्हणाले, "मॅडम, खाली ते लिहा, रिवाज आहे." मी लिहिलं. 'तपासले, बरोबर आहे.' सही, रेघ, दोन टिंबं. या वेळी ते खरं होतं म्हणून मला बरंही वाटलं.

मार्चमध्ये भिंत पुन्हा रंगली. मी नात्यातल्या एका लग्नासाठी चार दिवस रजेवर होते. परतले त्या सकाळी फाटकाशी मुलं गोळा झालेली दिसली. पेंटरभाऊ डबे पुसून पोत्यात भरत होते.

भिंत पहिल्यापेक्षा सुंदर होती. मी वरून खाली वाचत गेले. वाळवंट वाळवंटाच्या जागी, गोड गोडाच्या. हेडसर एकदाचे तत्त्वापासून वेगळे झालेले. एकही चूक नाही. आणि चाळिसाव्या जोडीखाली, हातभर उंच अक्षरांत, पांढऱ्या रंगाला पिवळी सावली देऊन:

तपासले, बरोबर आहे.

त्याखाली माझी सही. हुबेहूब माझी. पहिल्या अक्षराचा झोल, शेवटचा फटका, खालची रेघ, आणि रेघेखाली कलिंगडाएवढी दोन टिंबं. उजवा कोपरा मात्र कोरा होता, नुसता निळा.

"हे काहून... हे का काढलं?" मी विचारलं. घाबरले की माझ्या तोंडात घरची बोली येते.

"कागदावर होतं जी," ते म्हणाले. "मी कागदावर हाय थे काढतो."

"मागच्या वेळी नव्हतं काढलं."

"मागच्या बारीले मी माया मनानं केलो. हे सोडलं, अन् मायं नाव घातलं. बट्टा लागला." त्यांनी पोत्याला गाठ मारली. "आता नाई करत."

"मग तुमचं नाव?"

"थे कागदावर नव्हतं," पेंटरभाऊ म्हणाले, आणि सायकलला पोतं बांधून निघून गेले.

मी त्यांना चिडून बोलले असते, हेडसरांकडे जाऊन पुसून घेतलं असतं. पण काय सांगून? हेडसरांना तर उलट वाईट वाटलं की आपली सही का नाही. दोन दिवस ते माझ्याशी तुटक बोलले. बाकी सगळ्यांनी अभिनंदन केलं. साहेबांनी पुन्हा फोटो मागवले आणि ग्रुपवर माझ्या सहीला एकसष्ट अंगठे आले. अंगठेच आले. आजोबांची आठवण झाली. जूनमध्ये मी पर्यवेक्षक झाले. पेंटरभाऊ त्या पावसाळ्यात कुणाच्या तरी शेतात मजुरीनं धानाच्या रोवणीला जात होते असं शिपाईदादांनी सांगितलं. त्या तीन शाळांनी फ्लेक्स लावले. मी एकदा ग्रुपवर सगळा खरा प्रकार टाइप केला होता. चुका तपासल्या, स्वल्पविराम बघितले, आणि मग पुसून टाकला.

आता मी रोज त्या फाटकातून आत जाते. सही माझ्या उंचीहून लांब आहे.

परवा नववीच्या वह्या तपासत होते. नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात भिंत उतरवून घेतात, तसा पायंडाच पडलाय. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलीची वही आली. सुरेख अक्षर, चाळीसच्या चाळीस जोड्या बिनचूक. आणि खाली, भिंतीवर आहे तसंच, 'तपासले, बरोबर आहे', माझी सही, रेघ, दोन टिंबं. भिंतीवरचं सगळं उतरवा म्हटलं होतं, तिनं सगळं उतरवलं.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग लाल पेन उघडला आणि तिच्याखाली रेघ मारली. त्या वहीत तेवढी एकच चूक होती.

मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. तिला रडू आलेलं नव्हतं, तिला खरंच कळत नव्हतं.

"मॅडम, हे त तुमीच लिवलेलं हाय," ती म्हणाली. "हे काहून चुकलं?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. घंटेला अजून वीस मिनिटं होती.